धुराचं नाव

"निळा झाला," निकिता मॅडम म्हणाल्या. लिटमसचा कागद चिमट्यात धरून त्यांनी तो खिडकीच्या उजेडात नेला. "लाल कागद निळा झाला, मामा. म्हणजे साधीच राख आहे. लाकडाची, कागदाची. ती अशी क्षारधर्मीच असते."

"व्हय, मॅडम," दादासो म्हणाला.

त्याच्या हातात परीक्षानळी होती. सत्तावीस वर्षं तो या प्रयोगशाळेत होता. त्याने नळी स्टँडला लावली आणि बीकर धुवायला घेतला. बीकर स्वच्छच होता.

"फॉस्फेटचीही टेस्ट करून टाकू. डॉक्टरांना अर्धवट काही सांगायला नको."

मॅडमनी राखेचं गाळलेलं पाणी नळीत घेतलं, नायट्रिक ॲसिड घातलं, त्यावर अमोनियम मॉलिब्डेट घातलं आणि नळी जरा गरम केली. फॉस्फेट भरपूर असलं की तळाशी पिवळाधमक साका बसतो. दादासोने तो शेकडो वेळा पाहिला होता. आता मात्र पाण्याला जेमतेम पिवळसर झाक आली आणि तिथेच थांबली.

"एवढं तर चुलीतल्या राखेतही सापडतं," मॅडम म्हणाल्या.

दादासोने मान खाली घातली. ती चुलीतलीच राख होती. सकाळी कॅन्टीनच्या मागच्या दाराने जाऊन त्याने ती वाटीत भरून आणली होती.

मॅडमनी बारामतीच्या डॉक्टरांना फोन लावला. "हो डॉक्टर, तपासलं. जुनी कागदपत्रं आणि प्लायवूडच जाळलं होतं. आमचे लॅबचे मामा स्वतः तिथं हजर होते. रसायन काही नाही." पलीकडून डॉक्टर काहीतरी म्हणाले. "बरं, बरं. आज सोडताय? छान झालं."

फोन ठेवून त्या हसल्या. "दुपारी घरी सोडणार आहेत मागच्या रानातल्या भागूबाईंना. डॉक्टरांना शंका एवढीच होती की रसायनाचा धूर असेल, तर आज बरं वाटलं तरी फुफ्फुसात पाणी धरायला दीड-दोन दिवस लागू शकतात. मग दवाखान्यात ठेवून घ्यावं लागलं असतं."

दादासो तसाच उभा राहिला. नळाचं पाणी बीकरमधून वर येऊन बेसिनमध्ये सांडत राहिलं.

"मामा, नळ."

"व्हय," म्हणून त्याने नळ बंद केला.

*

दादासो भिगवणच्या पुढच्या एका वाडीतला. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. इंदापूर रस्त्यावर हे कॉलेज निघालं तेव्हा तो शिपाई म्हणून लागला आणि दोन-तीन वर्षांतच त्याला रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत घातलं. तेव्हा मोहनराव सर विभागप्रमुख होते. पहिल्याच आठवड्यात सरांनी त्याला एक बाटली आणायला सांगितली, त्याने दुसरीच आणली. सरांनी पुन्हा सांगितलं. त्याने तिसरी आणली. सर त्याच्याकडे बघत राहिले.  दुसऱ्या दिवशी सरांनी प्रत्येक बाटलीवर इंग्रजी नावाच्या खाली मराठीत लिहिलेली चिठ्ठी डकवली, आणि मुलांना सांगितलं, "मराठी नावंही पाठ झाली पाहिजेत म्हणून." सर निवृत्त होईपर्यंत ही गोष्ट त्या दोघांतच राहिली. पुढेही दादासोने ती कुणाला सांगितली नाही.

इंग्रजी येत नसलं तरी त्याचे कान तयार होते. सरांची व्याख्यानं त्याला पाठ होती. दरवर्षी अकरावीच्या मुलांना सर एक प्रयोग दाखवायचे. लाल फॉस्फरसची चिमूटभर पूड चमच्यात पेटवून तो चमचा काचेच्या वायुपात्रात सोडायचा. पात्र दाट पांढऱ्या धुराने भरून जायचं. "हा फॉस्फरस पेंटॉक्साइड," सर म्हणायचे, "याला पाण्याची भयंकर तहान. जिथं ओल मिळेल तिथं तो जाऊन बसतो आणि त्याचं फॉस्फोरिक ॲसिड होतं. डोळ्यात ओल असते, नाकात असते, छातीत असते. म्हणून खिडक्या उघडा." खिडक्या दादासो उघडायचा. पात्रात पाणी घालून हलवायचं कामही त्याचंच. मग निळा कागद लाल व्हायचा आणि मुलं टाळ्या वाजवायची.

वाडीत लोक त्याला 'सायंटिस्ट' म्हणत. कुणी फवारणीच्या औषधाची बाटली घेऊन आला की दादासो ती हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, झाकणाचा वास घ्यायचा आणि औषध कसलं ते सांगायचा. बऱ्याचदा ते बरोबर यायचं. चुकलं की लोक बाटलीला दोष देत. बायको बनाबाई चारचौघींत म्हणायची, "आमच्या ह्यांच्या हाताखालनं किती डॉक्टर-इंजिनेर झालं, मोजदाद न्हाय." दादासो तिला कधी अडवत नसे.

या दिवाळीत प्रयोगशाळेला रंग दिला. रंगाऱ्यांनी बाटल्या खाली काढल्या, पुसल्या, पुन्हा मांडल्या. बऱ्याच जुन्या मराठी चिठ्ठ्या गळून पडल्या, बाटल्यांच्या जागा बदलल्या. दादासोने आकारावरून, झाकणावरून, हलवून, वास घेऊन बहुतेक जागेवर लावल्या. चार बरण्या उरल्या. एकीत लाल पूड होती, पण लाल पुडी तर तीन-चार प्रकारच्या असतात; त्यांतली नेमकी कुठली काय, ते त्याला सांगता येईना. त्या त्याने मागच्या खोलीत पोत्याखाली ठेवल्या.

मग तपासणी समिती येणार असल्याचं पत्र आलं. मॅडम नव्या होत्या, कामसू होत्या. त्या म्हणाल्या, "मामा, मागच्या खोलीतल्या सगळ्या बाटल्या आपण दोघं बसून लिहून काढू. तुम्ही नाव वाचायचं, मी लिहायचं. मंगळवारी सकाळी."

सोमवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, दादासोने त्या चार बरण्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात गुंडाळल्या, मोडक्या कपाटाच्या प्लायवूडबरोबर हातगाडीवर घातल्या आणि कंपाउंडच्या मागच्या खड्ड्यात नेऊन पेटवून दिल्या.

आधी कागदाचा काळा धूर आला. मग काच तडकल्याचा आवाज झाला, ढिगाच्या पोटात पिवळीपांढरी ज्वाळा उठली आणि पांढरा धूर निघाला. दाट आणि जड. तो वर न जाता जमिनीला धरून सरकू लागला. पाठोपाठ लसणासारखा वास आला.

बरणीवरचं नाव दादासोला वाचता आलं नव्हतं. धुराचं नाव त्याला पहिल्या क्षणी कळलं.

तो नाकाला रुमाल लावून वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळाला. पंधरा-वीस पावलांवर जाऊन वळला, तेव्हा धूर कंपाउंडच्या पडलेल्या भिंतीवरून पलीकडे उतरत होता. पलीकडे भागूबाईचं मेथीचं रान होतं. ती वाफ्यात बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधत होती. धूर तिच्यावर आला तसा तिने पदर तोंडाला लावला. खोकली. एक हात हलवून धूर बाजूला केल्यासारखं केलं आणि हातातली जुडी बांधत राहिली. कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं असेल, असं वाटलं असणार. या भागात धुराला कोण उठतंय?

एक हाक मारली असती तर ती उठली असती. पन्नास-साठ पावलांचं अंतर होतं. पण हाक मारायची म्हणजे काय म्हणायचं? 'आक्का, पळ, ह्यो इखारी धूर हाय.' मग ती विचारणार, कसला? कुणी पेटवला? तुला कसं ठाऊक?

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. दोन-तीन मिनिटं गेली असतील. जुडी बांधून झाल्यावर भागूबाई आपणच उठली, खोकत खोकत बांधावर गेली आणि तिथे दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून उभी राहिली.

दादासो हातगाडी घेऊन परतला.

*

संध्याकाळी तिची खोकल्याची ढास थांबेना, म्हणून मुलगा युवराज तिला बारामतीला घेऊन गेला. मंगळवारी सकाळी डॉक्टरांचा कॉलेजला फोन आला, प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं, मॅडमनी दादासोला विचारलं. "मामा, काल खड्ड्यात काय काय जाळलं?"

"पेपर, मॅडम. आन् कपाट."

"तरी राख आणा थोडी. बघून घेऊ."

आणि त्याने कॅन्टीनची राख आणली.

मंगळवारी दुपारी भागूबाई घरी आली. दादासोने ते प्रयोगशाळेच्या खिडकीतून पाहिलं. रिक्षातून ती आपल्या पायांनी उतरली. आता ठीक आहे, असं त्याने मनाशी म्हटलं. डॉक्टर सांगत होते तसं प्रत्येकाला थोडंच होतं. उघड्यावरचा धूर तो. पात्रातला वेगळा, रानातला वेगळा.

तिन्हीसांजेला तो घरी पोचला तर दारात शेजारचे आप्पासाहेब बसलेले. त्यांच्या हातात औषधाची बाटली. "दादासो, बघ बरं जरा. डाळिंबाला चालंल का? न्हाय तर झाड जळायचं."

दादासोने बाटली हातात घेतली. लेबलावर बारीक इंग्रजी अक्षरांच्या ओळी होत्या आणि खाली लाल त्रिकोण होता. त्याने ती उजेडात धरली नाही, झाकणही उघडलं नाही.

"दुकानदाराला इचारा, आप्पा."

"आँ? त्याला काय कळतंय? तू असताना दुकानदार कशाला?"

"मला न्हाय सांगता यायचं," तो म्हणाला आणि आत गेला. मागे बनाबाई आप्पासाहेबांना सांगत होती, कॉलेजात तपासणी हाय, दमल्यात ते. जेवायला बसल्यावर त्याला ताटावरून उठावंसं वाटलं, पण भूक लागली होती आणि तो जेवला. पुढे कितीतरी दिवस त्याला याचीही लाज वाटत राहिली, की त्या दिवशी आपण दोन भाकरी खाल्ल्या.

*

बुधवारी बाराच्या सुमाराला युवराजची मोटारसायकल थेट प्रयोगशाळेच्या पायरीला येऊन थांबली. तो आत शिरला तेव्हा मॅडम टेबलाशी लिहीत होत्या आणि दादासो ब्युरेटची लांब काचनळी पुसत होता.

"मॅडम, आईला परत न्हेलंय," युवराज म्हणाला. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "सकाळी उठली तर श्वासच घेता येईना. व्हट निळं पडल्यात. छातीत पाणी झालंय म्हणं. आयसीयूत घातलंय. डॉक्टर मला इचारत्यात, नक्की काय जाळलं, नक्की काय जाळलं. तुमी तर म्हणला कागद. कागदानं असं हुतंय?"

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "पण आम्ही राख तपासली, युवराज. मी स्वतः तपासली."

"मंग काय झालं तिला?"

"मामा," मॅडम वळल्या, "राख खड्ड्यातल्या मधल्या भागातली होती ना?"

दादासोने ब्युरेट टेबलावर आडवी ठेवली. ती घरंगळली. त्याने ती हाताने थोपवली आणि तसाच हात ठेवून म्हणाला, "ती राख खड्ड्यातली न्हवती."

युवराज मॅडमकडून त्याच्याकडे वळला.

"कॅन्टीनातली हुती. चुलीतली. खड्ड्यात म्या बरण्या टाकल्यात. चार. त्यातल्या एकीत लाल फॉस्फरस हुता. अर्धी बरणी."

युवराजने दोन पावलांत येऊन त्याची गचांडी धरली. त्याचा हात वर गेला आणि वरच थांबला. दादासोने तोंड चुकवलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. पण युवराजने सदरा सोडला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"तात्या, तुमी आमच्या घरी जेवलाय," एवढंच तो म्हणाला.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज ताळ्यावर होता. "बाकीच्या तीन बरण्यांत काय होतं? लवकर सांगा. डॉक्टरांना कळवायचंय."

"ठाऊक न्हाय."

"म्हणजे? लेबल होतं ना?"

"हुतं."

"मग काय लिहिलं होतं त्यावर?"

दादासो फरशीकडे बघत राहिला. फरशीवर ॲसिडचा एक जुना डाग होता. "मला वाचता येत न्हाय, मॅडम. इंग्रजी. कदीच आलं न्हाय."

ही गोष्ट सत्तावीस वर्षं त्याने छातीशी धरून ठेवली होती. ती बाहेर पडली तेव्हा छत कोसळलं नाही. मॅडम फक्त क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्या बघण्यात राग नव्हता. तेच त्याला सोसलं नाही.

"मामा," त्या हळू म्हणाल्या, "मी वाचून दाखवलं असतं."

मग त्यांनी डोळे पुसले आणि कामाला लागल्या. "बरं. दिसायला कशा होत्या, ते सांगा. एक एक करून."

"एक हिरव्या काचंची. जाड बुडाची. तिच्यात मिठागत खडं हुतं, वास न्हाय, काय न्हाय. दुसरी तशीच, बारीक भुकटी. आन् तिसरी..." त्याने डोळे मिटले. "तिसरीत पिवळट पांढरी भुकटी. झाकण सैल केलं का त्येच्यातनं वाफंसारका धूर यायचा. डोळं चुरचुरायचं. मोहनराव सर तिला पंख्याखाली उघडू द्यायचं न्हायत. दमट हवेत उघडू नगंस म्हणायचं."

"फॉस्फरस पेंटाक्लोराइड," मॅडम म्हणाल्या. "असेल. पण अंदाजानं नको. चला खड्ड्याकडे."

तिघंही गेली. खड्ड्यात मधोमध राख काळी नव्हती. तिच्यावर चिकट, ओलसर साय धरली होती, जशी काकवी सांडावी. दोन दिवस ऊन असूनही ती वाळली नव्हती. मॅडमनी हातमोजे घालून ती चमच्याने बीकरमध्ये घेतली. काचेचे वितळून वाकलेले दोन तुकडेही घेतले.

प्रयोगशाळेत त्यांनी निळा कागद बुडवला. तो तत्क्षणी लाल झाला.

"लाकडाच्या राखेनं हा लाल होत नाही," मॅडम युवराजला म्हणाल्या. "हे ॲसिड आहे."

मॉलिब्डेटची बाटली दादासोने न सांगता पुढे केली. तिच्यावर मोहनराव सरांची चिठ्ठी अजून होती. नळी गरम करायच्या आतच तळाशी पिवळा साका जमू लागला. दुसऱ्या नळीत मॅडमनी नायट्रिक ॲसिड घालून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. दूध नासावं तसा पांढरा चोथा झाला. क्लोराइड. दोन्ही नळ्या त्यांनी शेजारी शेजारी स्टँडमध्ये लावल्या आणि फोन उचलला.

"डॉक्टर, काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "फॉस्फरस आणि फॉस्फरसचं क्लोराइड जळलंय. धुरात फॉस्फरस पेंटॉक्साइड, म्हणजे ओलीत फॉस्फोरिक ॲसिड, आणि बरोबर हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ. हो. वास लसणासारखा होता का?" त्यांनी फोन हाताने झाकून दादासोकडे बघितलं. त्याने मान हलवली. "होता. किती वेळ होत्या धुरात?"

"दोन-तीन मिंटं," दादासो म्हणाला.

युवराजने मान वळवली. "तुमी बघत हुता?"

दादासोने स्टँडमधली नळी सरळ केली, आणि युवराजला उत्तर मिळालं.

मॅडमनी चूक स्वतःच्या नावावर घेतली होती. 'मी चुकीचं सांगितलं.' त्यांनी दादासोचं नाव काढलं नाही. प्राचार्यांच्या खोलीत मात्र दादासोने सगळं आपणच सांगितलं, बरण्यांचं, राखेचं आणि इंग्रजी वाचता न येण्याचं. शेवटचं सांगताना शिपायांची खोली शेजारीच आहे आणि दार उघडं आहे, हे त्याला दिसत होतं.

*

भागूबाई अकरा दिवस दवाखान्यात होती. पहिले चार दिवस दादासो बाहेरच्या बाकावर बसून यायचा. युवराज त्याला हाकलत नसे आणि बोलतही नसे. पाचव्या दिवशी तिला साध्या वॉर्डात आणलं आणि नर्सने विचारलं, "दादासो कोण? आजी बोलावतात."

तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती. चेहरा सुकून हाताएवढा झाला होता. ती त्याच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी. वीस वर्षं भिंतीपलीकडून तिने त्याला मेथी दिली, वांगी दिली, पोरांची चौकशी केली.

"बस," ती म्हणाली. आवाज घोगरा होता आणि दोन शब्दांमध्ये थांबत होता.

तो उभाच राहिला.

"युवराज म्हनला... तुला ठाव हुतं. कसला धूर... ते."

"व्हय, आक्का."

"मी दिसत हुते?"

"दिसत हुतीस."

ती छताकडे बघत दम घेत राहिली. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती.

"मंग हाक... का न्हाय मारली?"

चार दिवस बाकावर बसून दादासोने या प्रश्नाची उत्तरं जुळवली होती. तुला काय होईलसं वाटलं नाही. वारा फिरेल असं वाटलं. घाबरलो. यातलं शेवटचं खरं होतं, पण कशाला घाबरलो, ते सांगायचं तर एका बरणीवरचं नाव एका बाईच्या जिवाच्या शेजारी ठेवावं लागत होतं. 

भागूबाईने थोडा वेळ वाट पाहिली. मग मान दुसरीकडे वळवली. "जा आता," ती म्हणाली. "एस्टी... जाईल."

तिने शिवी दिली नाही आणि माफही केलं नाही. दादासो जिना उतरला तेव्हा त्याला आठवलं, की आपण तिच्या पायांनाही हात लावला नाही. पुन्हा वर जावं म्हणून तो दोन पायऱ्या चढला. पण ते स्वतःसाठीच असेल असं वाटलं, आणि तो खाली उतरला.

*

चौकशी झाली. पोलिसांनी जबाब घेतला, कॉलेजने मेमो दिला आणि त्याला प्रयोगशाळेतून काढून बागेच्या कामावर घातलं. शिपायांच्या खोलीत पहिल्या आठवड्यात तो आला की बोलणं थांबायचं. मग थांबेनासं झालं. एकदा कुणीतरी इंग्रजी वर्तमानपत्र त्याच्यापुढे सरकवून म्हणालं, "वाचा की, सायंटिस्ट." सगळे हसले. दादासोने वर्तमानपत्राची घडी घातली आणि बाजूला ठेवली.

घरी त्याने बनाबाईला एका संध्याकाळी सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "मला ठाव हुतं."

"काय?"

"तुमाला इंग्रजी वाचता येत न्हाय ते. लगीन झाल्यापास्नं." आणि तवा खाली उतरवून ठेवला. "म्या कशाला बोलू?"

भागूबाईसमोर आपण असेच उभे राहिलो होतो, असं त्याला वाटलं. उभा माणूस, आणि तोंडात शब्द नाही.

मॅडमनी सुट्टीच्या वेळात त्याला इंग्रजी अक्षरं शिकवायची तयारी दाखवली. तो दोन दिवस गेला. तिसऱ्या दिवशी 'पी' अक्षर आलं. मॅडम म्हणाल्या, "हे फॉस्फरसचं." त्याने ते चार वेळा गिरवलं, वही मिटली आणि म्हणाला, "बास मॅडम. आता नगं." मॅडमनी आग्रह केला नाही.

उन्हाळा लागला. कॉलेजला जायला एस्टीच्या थांब्यावरून दोन वाटा होत्या. एक डांबरी, लांबची. दुसरी कालव्याच्या फाट्याच्या भरावावरून, भागूबाईच्या वस्तीला वळसा घालून. तो इतके दिवस लांबच्या वाटेने जात होता. त्या दिवशी एस्टीला उशीर झाला होता, म्हणून तो भरावावर चढला.

पुढे भागूबाई चालली होती. डोक्यावर काही नव्हतं, हातात रिकामी पिशवी. भराव तिथे जरा चढणीचा आहे. आठ-दहा पावलं टाकून ती थांबली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि श्वास जुळवू लागली. छातीतला घरघर आवाज त्याच्यापर्यंत येत होता. वाट अरुंद होती, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला बाभळी. पुढे जायचं तर तिला खेटूनच जावं लागलं असतं.

दादासो थांबला.

ती पुन्हा चालू लागली, तसा तोही चालू लागला. ती पुन्हा थांबली. तोही थांबला. तिने मागे वळून पाहिलं नव्हतं, पण चपलांचा आवाज थांबला की कळतंच.

"कोन हाय?" ती पाठमोरीच म्हणाली. "व्हा... म्होरं. मला येळ... लागतो."

 कॉलेजची घंटा झाली, तिचा आवाज रानावरून इकडे आला.

"न्हाय आक्का," तो म्हणाला. "चल तू."

आवाज ओळखून ती क्षणभर ताठ झाली.  मग पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि पुढचं पाऊल टाकलं. दादासो दहा हात अंतर ठेवून तिच्या चालीने चालत राहिला, आणि ती थांबेल तिथे थांबत राहिला.